गोळा कोणाकडं आहे?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरचे आपले सर आणि बाई, या मेळाव्यासाठी दोन महिने धावपळ केलेले मित्र, आणि समोर बसून एकमेकांचे पांढरे केस मोजणारे माझे सगळे वर्गमित्र, मैत्रिणी,

आयोजकांचा फोन आला तेव्हा मला सांगण्यात आलं, "तू सॉफ्टवेअरवाली आहेस, पंधरा मिनिटं काहीतरी बोल. पण ते एआय वगैरे नको, ऐकून ऐकून लोकांचे कान किटलेत." मी म्हटलं, बरं, मग मी पाळण्यावर बोलते. पलीकडे जरा शांतता पसरली. "कुठल्या पाळण्यावर? बारशाच्या?" मी म्हटलं, नाही रे बाबा, जत्रेतल्या. जत्रेतल्या पाळण्यापासून खोपोलीच्या रोलर कोस्टरपर्यंत. तो म्हणाला, "बोल, पण लासूरला धरून बोल." तेव्हा मी लासूरला धरूनच बोलणार आहे. किंबहुना, हे सगळं मला लासूर स्टेशननंच शिकवलं, एवढंच सांगायला मी पुण्याहून आले आहे.

माझे वडील, अण्णा, आज पहिल्या रांगेत बसले आहेत. तुमच्यातले बरेच जण त्यांना ओळखता. आपल्या स्टेशनवर ते पॉइंट्समन होते. आपण शाळेला दांडी मारून प्लॅटफॉर्मच्या टोकाला बसायचो तेव्हा लांबून हिरवी झेंडी हातात घेऊन ओरडत यायचे, ते हेच. मी काही सांगताना चुकले तर ते इथूनच दुरुस्ती करतील. घरीही तेच करतात.

चौथीतला रुसवा

मी चौथीत होते. शेजारच्या एका गावची जत्रा होती. आम्ही सात-आठ पोरी अण्णांबरोबर गेलो. रेवड्या, गोडी शेव, बांगड्यांची दुकानं, सगळं झालं आणि शेवटी आकाशपाळणा. तेव्हाचा पाळणा तुम्हाला आठवत असेल. मोटार नाही, इंजिन नाही. दोन माणसं माकडासारखी आत चढायची आणि आपल्या अंगाच्या भारानं चक्र फिरवायची. लाकडी पेट्या, चार पेट्यांत मिळून दहा-बारा पोरं.

आम्ही रांगेत उभ्या. अण्णांनी पाळण्याभोवती एक चक्कर मारली. नंतर खाली वाकून बघितलं. प्रत्येक पेटी ज्या दांड्यावर लोंबकळते त्या दांड्याच्या टोकाला एक पिन असते, पेटी सरकून निसटू नये म्हणून. एका पेटीला पिनेच्या जागी बाइंडिंगची तार पिळलेली होती. अण्णा आले आणि म्हणाले, "बसायचं नाही."

पाळणेवाल्याला त्यांनी ते दाखवलंही. तो म्हणाला, "साहेब, किती वर्षं फिरवतोय, काही झालं नाही."

माझ्या मैत्रिणींपैकी दोघी आपापल्या काकांबरोबर बसल्या. वर गेल्या, खाली आल्या, किंचाळल्या, हसल्या, उतरल्या. काही झालं नाही. मी मात्र घरी येईपर्यंत रडले आणि त्यानंतर कितीतरी दिवस अण्णांशी धड बोलले नाही. माझं म्हणणं अगदी सरळ होतं: काही झालं नाही, म्हणजे अण्णा चुकले.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी त्याच्याकडे परत येणार आहे.

स्टेशनमधला गोळा

आपल्या लहानपणी इथून मीटर गेजची गाडी जायची. दोन रुळांत बरोबर एक मीटर अंतर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रूळ रुंद झाले, १६७६ मिलिमीटरचे. पण लाईन एकेरीच. म्हणजे मनमाडकडून येणारी आणि औरंगाबादकडून येणारी गाडी एकाच रुळावर. मग समोरासमोर का येत नाहीत? हा प्रश्न मला सहावीत पडला होता.

अण्णांनी त्याचं उत्तर हातात आणून दिलं. लोखंडी गोळा. चामड्याच्या पिशवीत घातलेला, आणि पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला अडकवलेली. लासूरच्या स्टेशन मास्तरांच्या खोलीत एक यंत्र, पोटूळच्या स्टेशनात तसंच दुसरं, आणि दोन्ही तारेनं जोडलेली. दोन्ही यंत्रं मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर पडू शकतो. तो गोळा ड्रायव्हरच्या हातात असेल तरच त्यानं लासूर ते पोटूळ या तुकड्यात गाडी घालायची. पोटूळला पोहोचला की गोळा तिथल्या यंत्रात टाकायचा. तो आत पडेपर्यंत दुसरा गोळा निघतच नाही, मग मास्तरांनी कितीही आपटलं तरी.

न थांबणारी गाडी असली की अण्णा कंदील घेऊन उभे राहायचे आणि चालत्या इंजिनातला माणूस हात बाहेर काढून ते कडं झेलायचा. आपण टाळ्या वाजवायचो. आपल्याला ती कसरत वाटायची. त्या कड्यात किती माणसांचा जीव आहे हे आपल्याला कुठं माहीत होतं?

अण्णांचा एकच नियम होता. गाडी कितीही लेट होऊ दे, वरून कितीही फोन येऊ देत, पहिला प्रश्न: गोळा कोणाकडं आहे?

पट्टीला दोन बोटं कमी

आता खोपोलीला येते.

मोठे पाळणे महाराष्ट्राला नवीन नव्हते. मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं, आणि तिकडे सहलीला गेलेल्या मुलांच्या गोष्टी आपण तोंड उघडं टाकून ऐकल्या आहेत. पण २०१२ च्या सुमारास आम्ही पुण्याहून पालीच्या बल्लाळेश्वराला निघालो असताना खोपोली-पाली रस्त्यावर मला झाडांच्या वर जाड नळ्यांचा एक सांगाडा दिसला. मी गाडी बाजूला घ्यायला लावली. नवरा म्हणाला, "पाण्याची टाकी असेल." मी म्हटलं, पाण्याची टाकी अशी आडवी-तिडवी पिळत नाहीत.

ते इमॅजिका होतं, त्या वेळचं अॅडलॅब्ज इमॅजिका. चित्रपट व्यवसायातल्या मनमोहन शेट्टींनी उभं केलेलं हे पार्क २०१३ मध्ये उघडलं. आणि तो सांगाडा म्हणजे नायट्रो. बोलिगर आणि माबियार या स्विस कंपनीनं बनवलेला रोलर कोस्टर. वॉल्टर बोलिगर आणि क्लॉद माबियार या दोन इंजिनिअरांनी १९८८ मध्ये ही कंपनी काढली, आणि या धंद्यात त्यांचं नाव म्हणजे आपल्याकडे शेतकऱ्याला किर्लोस्करचं नाव वाटावं तसं. त्यांची वस्तू आपल्या घाटाखाली येतेय म्हटल्यावर मला चैन पडेना. मी रोज रात्री त्याची माहिती शोधून वाचायची. उंची १३२ फूट. पाच ठिकाणी माणूस उलटा. वेग ताशी १०५ किलोमीटर. आणि गाडीला तळच नाही, पाय अधांतरी.

माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. तिला मी रोज झोपताना हेच सांगायची. परिणाम असा झाला की आम्ही पहिल्यांदा तिथं गेलो तेव्हा ती थेट नायट्रोच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तिथं उंचीची पट्टी असते. ती पट्टीच्या पार खाली. तिनं टाचा उंच केल्या, वेणी वर धरली, काही उपयोग नाही. तिथला पोरगा हसून म्हणाला, "पुढच्या वेळी, बेटा."

मीही बसले नाही. म्हटलं, बसू तर दोघी बसू.

मग सुरू झाली खरी वाट बघण्याची मजा. घरात दाराच्या चौकटीवर पेन्सिलची खूण. दर वाढदिवसाला नवी रेघ आणि सगळ्यात वर लाल पेननं 'नायट्रो'. एका वर्षी दोन बोटं कमी पडली. त्या वर्षी तिनं इतकं दूध प्यायलं की आमच्या दूधवाल्याला वाटलं घरात पाहुणे आहेत.

गाडीला इंजिन नसतं

त्या सहा वर्षांत मुलीला समजावून सांगता सांगता माझाच अभ्यास झाला. तुम्हाला थोडक्यात सांगते, कारण यातलं बरंचसं आपल्या विज्ञानाच्या सरांनी शिकवलेलंच आहे. सर, तुम्ही सायकल चढावर नेऊन सोडायला लावली होती, आठवतं का? तोच धडा.

पहिली गोष्ट, गाडीला इंजिन नसतं. एक साखळी तिला माथ्यावर ओढून नेते आणि सोडून देते. पुढचं सगळं काम उंचीनं कमावलेली ऊर्जा करते. वेग किती येईल हे काढायला नववीचं गणित पुरतं. उंची मीटरमध्ये घ्या, वीसनं गुणा, वर्गमूळ काढा. १३२ फूट म्हणजे सुमारे ४० मीटर. वीसनं गुणलं, ८००. वर्गमूळ २८ च्या थोडं वर. सेकंदाला २८ मीटर म्हणजे ताशी शंभराच्या थोडं पुढे. बघा, वहीच्या कोपऱ्यातलं गणित पार्कच्या आकड्याच्या किती जवळ जातं. आणि या गणितात वजन कुठंच येत नाही. त्यामुळे आपल्यातले जे आज 'मी जाड झालोय' म्हणून मागे बसलेत, त्यांनी काळजी करू नये.

दुसरी गोष्ट, तो चढावरचा टक-टक-टक आवाज. सगळ्यांना वाटतं की घाबरवण्यासाठी केलेला आहे. नाही. गाडीच्या खाली खटका असतो आणि रुळाच्या कडेनं दाते. गाडी एक दाता पुढे गेली की खटका त्यात पडतो. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरत नाही, त्या दात्यावर बसून राहते. विहिरीच्या जुन्या रहाटाला जशी अडकण असायची, तसंच. आपल्याला भीती घालणारा तो आवाज म्हणजे खरं तर धीराचा आवाज आहे.

तिसरी गोष्ट, चाकं. रेल्वेचं चाक रुळावर आपल्या वजनानं बसतं. इथं गाडी उलटी होणार, मग? प्रत्येक ठिकाणी तीन चाकं असतात. एक रुळाच्या वर, एक बाजूला, एक खालून. रूळ तिघांच्या मुठीत. खालून चाक लावायची ही युक्ती जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसानं १९१९ मध्ये पेटंट केली, आणि शंभर वर्षं झाली तरी त्यावरच सगळं चाललं आहे.

चौथी गोष्ट, उलटी कोलांटी. ती कधीच अगदी गोल नसते. नीट बघा, पाण्याच्या थेंबासारखी असते. वर निमुळती, खाली पसरट. अमेरिकेत १८९५ मध्ये गोल कोलांटीचा प्रयोग झाला होता आणि लोकांच्या मानांची वाट लागली. कारण पूर्ण गोल केला तर माथ्यावर गाडी जेमतेम टिकेल एवढा वेग ठेवला तरी तळाशी माणसावर त्याच्या वजनाच्या सहापट भार येतो. थेंबाच्या आकारात खालचं वळण मोठं असतं, त्यामुळे भार आटोक्यात राहतो. अँटॉन श्वार्झकॉफ आणि वेर्नर श्टेंगेल या जर्मन जोडीनं १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात असा कोस्टर उभा केला आणि तेव्हापासून उलटं होणं सुखाचं झालं.

आणि गंमत सांगते, या सगळ्याचं मूळ रेल्वेतच आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामधल्या मॉक चंक गावी १८२७ मध्ये खाणीतला कोळसा डोंगरावरून उतारानं खाली आणायला रूळ टाकले होते. पुढे लोक मजा म्हणून त्यावरून पैसे देऊन घसरायला लागले. १८८४ मध्ये न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला अशी गाडी खास करमणुकीसाठी बांधली गेली. तेव्हा अण्णा, तुमचं खातं आणि हे खातं सख्खे चुलत भाऊ आहेत.

अकरावी रात्र

आता जे सांगणार आहे ते मी आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

इंजिनिअर झाल्यावर सुरुवातीची काही वर्षं मी यंत्रांच्या कंट्रोलचं सॉफ्टवेअर लिहायची. पुण्याजवळच्या एका कारखान्यात एका प्रेसचं काम माझ्याकडे होतं. प्रेस म्हणजे वरून टणांचा भार खाली येतो आणि पत्रा वाकतो. कामगाराचा हात आत असेल तर सेन्सरला कळतं आणि प्रेस थांबतो. हा नियम माझ्या प्रोग्रॅममध्ये होता.

एका रात्री तो सेन्सर उगाचच वाजायला लागला. हात नसतानाही प्रेस थांबायचा. सकाळी माल जायचा होता. सगळे माझ्या डोक्यावर उभे. "मॅडम, आजची रात्र फक्त. बायपास करा, सकाळी सेन्सर बदलू." मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, त्या शॉपमध्ये एकटी बाई, आणि मला दाखवून द्यायचं होतं की माझ्यामुळे काम अडत नाही. मी एक ओळ लिहिली. सेन्सर काहीही म्हणो, 'ठीक' समज.

रात्रभर प्रेस चालला. काही झालं नाही.

सकाळी दुसरं काम निघालं. दुसऱ्या दिवशी तिसरं. सेन्सर मागवायचा राहिला. मीही 'उद्या काढते' म्हणत राहिले. रोज काही होत नव्हतं, आणि रोज मला जरा कमी काळजी वाटत होती.

अकराव्या रात्री एका हेल्परचा हातमोजा आत ओढला गेला. शेजारच्या माणसानं त्याची कॉलर धरून मागे खेचलं. हातमोजा गेला. हात वाचला. तो पोरगा आपल्या मराठवाड्यातलाच होता, नुकतं लग्न झालेलं. तो माझ्याकडे बघून कसनुसा हसला आणि म्हणाला, "मॅडम, आज देव पावला." त्याला माहीतच नव्हतं की ती ओळ कोणी लिहिली होती.

मी त्याच रात्री ती ओळ काढली आणि सकाळी लेखी कळवलं की हे माझं काम आहे. नंतर बाहेर रस्त्यावर येऊन अण्णांना फोन केला. रडत रडत सगळं सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील, जाऊ दे पोरी, वाचला ना. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गोळा हातात नसताना गाडी सोडलीस तू."

एवढंच. आणि फोनवरच मला चौथीतली ती तारेची पिन दिसली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की पाळणा सुखरूप खाली आला म्हणजे अण्णा चुकले, असं होत नाही. काही झालं नाही, ही खातरजमा नसते. ते फक्त नशीब असतं, आणि नशीब मोजून दहा रात्री पुरलं होतं.

पट्टी ओलांडली

२०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत दाराच्या चौकटीवरची रेघ लाल खुणेच्या वर गेली. मुलगी अकरा वर्षांची. आम्ही दुसऱ्याच आठवड्यात खोपोली गाठली. अण्णा पुण्याला आलेले होते, त्यांनाही घेतलं. ते म्हणाले, "मी खालून बघतो. चपला सांभाळायला माणूस लागेलच."

ती रांगेत उभी असताना सारखं एकच बडबडत होती. पण जसजसं दार जवळ आलं तशी गप्प झाली. नंतर हळूच म्हणाली, "आई, नाही बसलं तर चालेल का?" सहा वर्षं वाट बघितलेली पोर. मी म्हटलं, चालेल. पण आधी आजोबांना बघू दे.

अण्णा कठड्याशी उभे राहून गाड्या कशा सुटतात ते निरखत होते. आमच्या शेजारच्या बायका फोटो काढत होत्या आणि हे पॉइंट्समन जसे प्लॅटफॉर्मवर उभे राहतात तसे मागे हात बांधून उभे. दोन-तीन फेऱ्या बघून झाल्यावर त्यांनी मला विचारलं,

"एकाच रुळावर दुसरी गाडी सोडायची झाली, तर गोळा कोणाकडं असतो?"

मी सांगते, माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत एवढा नेमका प्रश्न मला एकाही साहेबानं विचारलेला नाही.

मी त्यांना सांगितलं. अण्णा, इथंही तेच आहे. सगळा रूळ तुकड्यांत वाटलेला असतो. त्याला ब्लॉकच म्हणतात, तुमच्यासारखंच. एका तुकड्यात एकच गाडी. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी गाडी थांबवता येईल अशी सोय: साखळीचा चढ, ब्रेक, नाहीतर स्टेशन. पुढचा तुकडा मोकळा आहे असं रुळावरच्या सेन्सरनी सांगितल्याशिवाय मागची गाडी पुढे जातच नाही. जितके तुकडे असतील त्यापेक्षा किमान एक गाडी कमी. गोळा आता लोखंडाचा नसतो, कंप्युटरच्या आत असतो. आणि कंप्युटरवरही आंधळा विश्वास नाही. एकाच गोष्टीवर दोन वेगळे सेन्सर नजर ठेवतात आणि दोघांचं जमलं नाही तर गाडी थांबते. शंका आली की थांबायचं.

"आणि ब्रेक? लाईट गेली तर?"

मी म्हटलं, तेही तुमच्याच गाडीसारखं. रेल्वेच्या ब्रेकची हवा गेली की ब्रेक लागतो, सुटत नाही. अशा कोस्टरच्या ब्रेकचाही नियम तोच: ब्रेक सोडायला ताकद लागते, लावायला नाही. काही ठिकाणी तर नुसती चुंबकं असतात. त्यांच्यामधून तांब्याची पट्टी जोरात गेली की ती आपोआप मागे ओढली जाते. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. तांब्याच्या नळीतून चुंबक सोडला तर तो रेंगाळत खाली येतो, तोच प्रयोग.

मग त्यांनी तळाकडे बोट दाखवलं. नायट्रोला तळ नसतो, पण स्टेशनात उभं राहायला तळ लागतो. तो सुटायच्या आधी खाली जातो. अण्णा म्हणाले, "तो खाली गेला नाही आणि गाडी सुटली तर पाय जातील." मी म्हटलं, म्हणून तळ पूर्ण खाली गेल्याची खूण आल्याशिवाय गाडी सुटायची परवानगीच मिळत नाही. कांटा पुरता बसल्याशिवाय सिग्नल पडत नाही, तसं.

अण्णांनी मान हलवली. शेवटचा प्रश्न विचारला: "सकाळी रिकामी फिरवतात का?" हो अण्णा, रोज. माणसं बसायच्या आधी रिकाम्या फेऱ्या होतात, माणसं रूळ आणि चाकं बघतात, आणि त्यानंतरच दार उघडतं.

ते मुलीकडे वळले आणि म्हणाले, "बस पोरी. गोळा जागेवर आहे."

ती बसली. मी तिच्या शेजारी. माथ्यावर जाताना टक-टक-टक सुरू झालं आणि तिनं माझा हात इतका आवळला की अंगठीचा वळ उठला. वर पोहोचलो तेव्हा एक क्षण समोर सह्याद्री आणि पायाखाली काहीच नाही. पुढचं मी सांगणार नाही. ते ज्याचं त्यानं बसून बघावं. एवढंच सांगते की चौथीतल्या त्या जत्रेपासून माझी एक किंकाळी शिल्लक होती, ती त्या दिवशी निघाली.

खाली आलो तेव्हा अण्णा दोघींच्या चपला हातात घेऊन उभे होते.

एक यादी

आता माझं मागणं. भाषण करायला बोलावलं की मागणं येतंच, हे आयोजकांना माहीत असायला हवं होतं.

खोपोलीच्या पार्ककडे स्विस कंपनी आहे, पगारी इंजिनिअर आहेत. आपल्या जत्रांमधल्या पाळणेवाल्याकडे काय आहे? पाना, तारेचं भेंडोळं आणि अनुभव. गेल्या नवरात्रात मी गावी आले होते. दाक्षायणी देवीच्या दर्शनाला निघालो तेव्हा आपल्या बॅचमधला फॅब्रिकेशनचं दुकान असलेला मित्र आणि वायरमन मित्र बरोबर होते. वाटेत पाळणा उभा होता, आता मोटारीवर चालणारा. आम्ही पाळणेवाल्याला चहा सांगितला आणि म्हटलं, मामा, जरा बघू का? माझ्या मनात, खरं सांगते, शहरातल्या माणसाचा थोडा तोरा होता.

तो मोठ्या मनानं म्हणाला, "बघा की ताई." आम्ही बघितलं. सगळ्या पिना जागेवर. नट घट्ट. आणि तो आपण होऊन म्हणाला, "रोज संध्याकाळी पहिला फेरा मी रिकामा मारतो. दुसऱ्या फेऱ्याला माझं पोरगं बसवतो. मग तुमची."

माझा तोरा तिथंच उतरला. त्याला स्वित्झर्लंडहून कोणी शिकवायला आलं नव्हतं. त्याला फक्त दोन गोष्टी कमी होत्या: जनरेटरला अर्थिंग नीट नव्हतं आणि जादाच्या पिना नव्हत्या. वायरमन मित्रानं अर्ध्या तासात अर्थिंग करून दिलं. पिनांची पुडी स्टेशनरोडच्या दुकानातून आणली. आमच्या चहापेक्षा स्वस्त पडली.

म्हणून माझं म्हणणं असं. दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. आपल्यात फॅब्रिकेटर आहेत, वायरमन आहेत, जिनिंगमध्ये यंत्रं सांभाळणारे आहेत, एस.टी.च्या वर्कशॉपमधले आहेत, नर्सताई आहेत. ज्याला वर्षातून एक संध्याकाळ देता येईल त्यानं नाव लिहावं. आसपासच्या जत्रेत पाळणा उभा राहिला की पहिल्या दिवशी तिघांनी जायचं, पाळणेवाल्याला मान देऊन, त्याच्याबरोबर एक चक्कर मारायची. पावती नाही, बॅनर नाही, फोटो नाही. जमलं तर शाळेतली नववीची चार मुलं बरोबर घ्यायची. त्यांना घड्याळ लावून पाळण्याचा वेग काढू दे, पिन कशासाठी असते ते हात लावून बघू दे. पुस्तकातला धडा त्यांना परत वाचावा लागणार नाही.

यातून आपलं नाव होणार नाही. वाचलेल्या माणसाला आपण वाचलो हे कळतच नाही, त्यामुळे आभार मानायलाही कोणी येत नाही. अण्णांनी तीस-बत्तीस वर्षं गोळे दिले-घेतले. त्यांच्या नोकरीची बातमी एकदाही पेपरात आली नाही. मला वाटतं, त्यांच्या कामाची तीच सगळ्यात मोठी पावती आहे.

पाच वर्षांनी आपण पुन्हा भेटू. तेव्हा कोणीतरी उठून मला विचारेल, काय गं, त्या तुझ्या वहीचं पुढे काय झालं? त्या दिवशी मला तुमच्यासमोर उभं राहून एकच उत्तर द्यायचं आहे:

काही झालं नाही.

पण त्या वेळी ते नशिबाच्या भरवशावर म्हटलेलं नसेल.

वही दाराशी आहे. पेन दोरीनं बांधलेलं आहे, कारण मी तुम्हाला ओळखते.